जर्मनीतल्या पाच हेल्थ पॉलिस्या आणि एक मूतखडा

मागच्या आठवड्यात आतेभावाचा मेसेज आला. त्याला स्टुटगार्टजवळ मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, व्हिसाची कागदं जमवतोय, आणि सोबत एका साईटचा स्क्रीनशॉट. "ताई, ही घेऊ का? महिना ३३ युरो फक्त. सगळं कव्हर आहे म्हणतायत." ते "सगळं कव्हर आहे" वाचलं आणि माझ्या डाव्या कुशीत उगाच कळ आल्यासारखं झालं, कारण साधारण अशीच एक पॉलिसी घेऊन मी २०१८ साली इथे उतरले होते. त्याला व्हॉइस नोट पाठवायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली. मग म्हटलं नीट लिहूनच काढू, आणखी कुणाच्या तरी कामी येईल. मी एजंट नाही, मला कुणाचं कमिशन नाही, जे वापरलं, जे भरलं आणि जे भोगलं तेवढंच लिहितेय. आणि हे सगळं जर्मनीचं आहे हं. माझा दीर दुबईत असतो, तिथे त्याचा इन्शुरन्स कंपनीने काढायचा आणि बायकोपोरांचा त्याने स्वतः, असा वेगळाच कारभार आहे, त्यामुळे इथलं उचलून तिथे लावू नका.

पहिली पॉलिसी. इथे हिला कुणी एक्सपॅट पॉलिसी म्हणतं, कुणी इनकमिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठीची. मी मूळची सांगलीची, नोकरी पुण्यात, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, आणि एकतिसाव्या वर्षी नवऱ्याला पुण्यात ठेवून शिकायला निघाले म्हणून दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडलेली. आता गंमत अशी की जर्मनीत सरकारी पद्धतीच्या विम्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त दर असतो, पण तो तिशीपर्यंतच. मला एकतीस पूर्ण. त्या दरात मी बसत नव्हते, आणि विमा नसेल तर युनिव्हर्सिटी नाव घालून घेत नाही. मग नेटवर शोधलं, सगळ्यात वर जी आली ती घेतली, महिना ५९ युरो. माहितीपत्रक इंग्रजीत, दोन पानी, वर हसणाऱ्या गोऱ्या मुलीचा फोटो. नियम-अटी मात्र जर्मनमध्ये, सतरा पानं. ती सतरा पानं मी वाचली कधी, तर नंतर, पलंगावर पडून, डिक्शनरी घेऊन.

जानेवारीत रात्री दोनला पोटात दुखायला लागलं. ज्यांना मूतखडा झालाय त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही झाला त्यांना सांगून उपयोग नाही. फ्लॅटमधली केरळची मुलगी होती तिने ११६११७ ला फोन लावला (हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, जिवावरचं असेल तर ११२, पण रात्री-सुट्टीला डॉक्टर हवाय आणि जीव जात नाहीये असं असेल तर हा). त्यांनी सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायला सांगितलं. ड्रिप लावली, स्कॅन झाला, आणि नर्सने हातात एक गाळणी दिली, आपल्या चहाच्या गाळणीसारखीच, फक्त कागदी. दर वेळी लघवीला जाताना त्यात गाळायचं आणि खडा सापडला की आणून द्यायचा! दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, चार मिलिमीटर. तिळाएवढी ती वस्तू बघून मला रडू आलं आणि हसूही आलं. उपचार म्हणाल तर उत्तम, तक्रारीला जागाच नाही.

बिल आलं तीन आठवड्यांनी, पोस्टाने, घरी. २,३४० युरो. मी निवांत, पॉलिसी आहे ना. पाठवून दिलं. कंपनीकडून उत्तर आलं ते पैशांचं नाही, एका फॉर्मचं. तुमच्या आधीच्या डॉक्टरांना तुमची माहिती आम्हाला द्यायची परवानगी द्या, आणि मागच्या काही वर्षांत काय काय झालं ते लिहा. आता मी काय करावं, आपल्या शाळेत खोटं बोलू नये शिकवलेलं, मी प्रामाणिकपणे लिहिलं की २०१५ मध्ये पुण्यात एकदा असाच त्रास झाला होता. झालं. पुढचं पत्र दोन ओळींचं होतं, हा आजार विमा सुरू होण्याआधीपासूनचा आहे, सबब देय नाही. मी भांडले, ईमेल केले, एकदा फोनवर इंग्रजीत आवाज चढवला तर पलीकडच्या बाईने शांतपणे पान नंबर सांगितला. सतरापैकी पान नंबर नऊ. तिथे खरंच लिहिलेलं होतं.

हॉस्पिटलने मात्र माणुसकी दाखवली, विचारल्यावर लगेच हप्ते बांधून दिले, २३४ चे दहा. विद्यार्थी म्हणून बेकरीत पहाटे पाचला उभं राहून मी ते फेडलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारातल्या बऱ्याच पॉलिस्यांच्या अटी एकाच वळणाच्या असतात. जुनं दुखणं वगळलेलं, बाळंतपणाला महिने मोजून थांबायला लावणार, दातांचं फक्त दुखणं थांबवण्यापुरतं, आणि एकूण मुदत बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची. शिवाय ही पॉलिसी कायमच्या विम्याच्या बरोबरीची धरत नाहीत, त्यामुळे रेसिडेन्स परमिट वाढवायला गेलं की तिथला माणूस कागद उलटापालटा करून बघतो आणि दुसरा आणा म्हणतो, असं माझ्या ओळखीतल्या दोघांचं झालंय.

मग ही पॉलिसी फसवी आहे का, तर तसंही नाही. विमानातून उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत मधे जे दोन-तीन आठवडे मोकळे राहतात त्यासाठी, किंवा भाषेचा सहा महिन्यांचा कोर्स करायला आला असाल तर, ठीक आहे, व्हिसालाही चालते. छत्री म्हणून घ्या, घर म्हणून नको. पाचपैकी दीड स्टार, तो अर्धा त्या बाईच्या शांतपणाचा.

आणि आतेभावा, तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ ही. तू सव्वीसचा आहेस, तुला सरकारी पद्धतीचा विद्यार्थी दर मिळतो, २०२५ च्या हिशोबाने तो नर्सिंग-केअरचा भाग धरून महिन्याला साधारण १४५ युरो पडत होता. ३३ च्या पुढे १४५ म्हणजे तुझे डोळे पांढरे होणार माहितीय मला. पण तू जर सुरुवातीला "मला सरकारी नको, मी प्रायव्हेट घेतो" असं लिहून सूट घेतलीस तर ती सही त्या अख्ख्या शिक्षणापुरती कायमची आहे, मधेच पस्तावलास तरी परत येता येत नाही, नोकरी लागेपर्यंत थांबावं लागतं. महिन्याला वाचणारे ११२ युरो तुला मोठे वाटतायत, मला पण तेव्हा स्वस्त पॉलिसीचंच मोठं कौतुक वाटलं होतं.

दुसरी, आणि आजपर्यंत टिकलेली, म्हणजे सरकारी पद्धतीची क्रांकेनकासे, आरोग्यविमा देणारी संस्था, थोडक्यात कासे. २०२० च्या सप्टेंबरला नोकरी लागली आणि एचआरच्या बाईने पहिला प्रश्न विचारला, कुठली कासे? मला वाटलं ही देतील ती. तसं नसतं, आपण निवडायची. टीके, बार्मर, डीएके, वेगवेगळ्या राज्यांच्या एओके, अशा बऱ्याच आहेत. नवीन माणूस इथेच गोंधळतो आणि महिनाभर तुलना करत बसतो. त्यात फार अर्थ नाही, कारण काय काय द्यायचं ते बहुतांश कायद्यानेच ठरलेलं आहे. मूळ दर सगळ्यांचा १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा आपापला झुझाट्सबाइट्राग म्हणजे वरचा जादा दर, जो २०२५ ला सरासरी २.५ टक्के होता आणि २०२६ ला २.९ धरलाय. अर्धा आपण, अर्धा कंपनी. मग फरक उरतो तो कशात, तर ॲप चांगलं आहे का, फोनवर इंग्रजी बोलतात का, योगासनांच्या कोर्सचे थोडे पैसे परत देतात का (हो, देतात, आणि शिकवणारी जर्मन बाई मला सूर्यनमस्कार दुरुस्त करून दाखवते). मी माझी निवडली ती फक्त फोन उचलतात म्हणून. नाही पटली तर वर्षभराने बदलता येते.

पैसे किती जातात ते सांगते, कारण सगळे तेच विचारतात. समजा पगार महिन्याला ४,००० युरो ग्रॉस. २०२५ च्या सरासरी दराने तुमचा वाटा ८.५५ टक्के म्हणजे ३४२ युरो. त्याशिवाय केअर इन्शुरन्स, म्हणजे म्हातारपणी कुणी बघायला लागलं तर त्याचा, एक मूल असेल तर १.८ टक्के म्हणजे ७२. झाले ४१४. मूल नसेल आणि वय तेवीसच्या पुढे असेल तर केअरला २.४ टक्के, म्हणजे पोरं न काढल्याचा दंड भरायचा, असं माझा नवरा म्हणतो. पगार कितीही वाढला तरी एका मर्यादेच्या वर कापत नाहीत, २०२५ ला ती महिन्याला ५,५१२.५० होती. बाबांना हे ४१४ रुपयांत सांगितलं, चाळीस हजाराच्या वर, दर महिन्याला, तर ते म्हणाले एवढ्यात आमचं दोघांचं वर्षाचं प्रीमियम निघतं. खरंय. मलाही पहिली पगारपावती बघून घशात आवंढा आला होता.

पण मग २०२१ ला नवरा आला. त्याला इथे भाषा येत नव्हती, वर्षभर क्लासला जात होता, कमाई शून्य. त्याचा विमा? माझ्यावर, फुकट. एक फॉर्म, मॅरेज सर्टिफिकेटची भाषांतरित प्रत, आणि आठवड्याभरात त्याच्या नावाचं कार्ड दारात. त्याला शुगरची सुरुवात आहे, ती कुणी विचारलीसुद्धा नाही. मी पान नंबर नऊ शोधत होते, ते नव्हतंच. माझ्या कार्डावर तो "फॅमिली मेंबर" म्हणून वर्षभर राहिला, सांगलीत ही गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात मुलगी झाली. आता इथे मी जरा थांबणार आहे, कारण ह्या कासेने मला खरं विकत घेतलं ते तेव्हा. तपासण्या, सोनोग्राफी, डिलिव्हरी, हॉस्पिटलचे चार दिवस, बिल नाही. एरवी हॉस्पिटलात राहिलं की दिवसाचे १० युरो भरावे लागतात, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस, बाळंतपणाला तेही नाही. नवऱ्याला सोबत राहायचं होतं म्हणून फॅमिली रूम घेतली, तेवढे पैसे खिशातून. आधीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे पगारी, त्यातले दिवसाला १३ युरोपर्यंत कासे देते आणि हातात पडणाऱ्या पगारापर्यंतची वरची भर कंपनी घालते.

आणि हेबामे! म्हणजे सुईण, पण डिप्लोमा-डिग्रीवाली, घरी येणारी. पहिले दहा दिवस रोज आली म्हटलं तरी कासे देते, पुढेही बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी. फक्त ती स्वतः शोधावी लागते, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्या आल्या शोधायला लागायचं, मी पाचव्या महिन्यात सुरुवात केली तर सव्वीस फोन केले. आमची बाई सायकलवर यायची, पाठीवर सॅक, त्यातून एक फडकं आणि हुकाचा काटा काढायची, बाळाला फडक्यात घालून काट्याला लटकवायची आणि वजन वाचायची. आई तेव्हा आलेली होती, ती म्हणाली अगं हा तर रद्दीवाल्याचा काटा! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण तेल किती गरम करायचं यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं. एकदा आईने ओवा-बाळंतशेपाची धुरी दिली आणि छताचा स्मोक अलार्म कोकलायला लागला, शेजारी जिन्यात जमले. हेबामे बाईने वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी येताना खिडकीकडे बोट दाखवून हसली. डिंकाचे लाडू तिने दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून नेला.

चिठ्ठीवरच मिळणारं मुलांचं औषध अठरापर्यंत फुकट. मोठ्यांना एका औषधाला साधारण ५ ते १० युरो. आता चिठ्ठीपण कागदी नसते, २०२४ पासून कार्डावरच येते, मेडिकलमध्ये कार्ड खुपसायचं की झालं. (मुलांना ताप आला की इथे तोंडातून सिरप कमी, खालून लावायच्या गोळ्या जास्त. आईला हे अजून मान्य नाही.)

आजारी पडलं तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर कासे देते, ग्रॉसच्या ७० टक्के, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. माझ्यावर वेळ आली नाही, पण माहीत असलेलं बरं वाटतं.

आता शिव्या. ॲपॉइंटमेंट. स्किनच्या डॉक्टरला फोन लावा, पहिला प्रश्न काय होतंय हा नाही, "गेझेट्सलिष की प्रिव्हाट?" म्हणजे सरकारी की प्रायव्हेट विमा. गेझेट्सलिष म्हटलं की आवाज एक पट्टी खाली येतो आणि तारीख चार महिने पुढे जाते. मला हातावर चट्टा आलेला तेव्हा मिळालेल्या तारखेपर्यंत चट्टा कंटाळून निघून गेला. यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतो. आपल्या फॅमिली डॉक्टरकडून तातडीचा कोड असलेली रेफरल चिठ्ठी घ्यायची आणि तोच ११६११७ नंबर किंवा त्यांची साईट, ते चार आठवड्यांच्या आत कुठलातरी स्पेशालिस्ट शोधून देतात. कुठलातरी म्हणजे तो तीस किलोमीटरवर पण असू शकतो. एकंदरीत पाचपैकी चार. कापला तो एक सगळा त्या फोनवरच्या आवाजासाठी.

तिसरा प्रकार मी स्वतः घेतलेला नाही, पण जवळून पाहिलाय, खरा पूर्ण प्रायव्हेट विमा. यात पगार वर्षाला ठरावीक रकमेच्या वर असेल तरच नोकरदाराला जाता येतं, २०२५ ला ७३,८०० होती, २०२६ ला ७७,४०० झाली. मैत्रिणीचा नवरा, नागपूरचा, आयटीत, तेहतिसाव्या वर्षी प्रायव्हेटमध्ये गेला. तेव्हा एकटा, ठणठणीत, माझ्यापेक्षा कमी भरत होता आणि आठवड्यात ॲपॉइंटमेंट. आम्हाला चिडवायचा. बिल आधी स्वतः भरायचं, फोटो काढून ॲपवर टाकायचा, दहा-बारा दिवसांत पैसे परत, हे त्याला जमायचंही, मला जमलं नसतं, मी बिलं हरवते.

मग लग्न, मग बायको आली, मग मूल. इथे फुकट कुणी नाही, प्रत्येक डोक्याचं वेगळं प्रीमियम, बायकोचं तर मेडिकल प्रश्नांची यादी भरून, थायरॉइड आहे म्हणून जरा वाढवून. आणि मेख अशी की बायको नोकरी करून स्वतः सरकारी कासेत असली तरी, नवरा प्रायव्हेटमध्ये, त्या मर्यादेच्या वर आणि बायकोपेक्षा जास्त कमावणारा असेल तर पोरं बायकोच्या कार्डावर फुकट बसत नाहीत. त्याला हे दुसऱ्या मुलाच्या वेळी कळलं. प्रायव्हेटवाल्या नोकरदार आईला कासेचे ते दिवसाचे १३ युरो नाहीत, सरकारकडून एकदाच जास्तीत जास्त २१०. बाळासाठी घरी बसून पालकभत्ता घेत असतानाही प्रीमियम चालूच, कासेत मात्र माझ्यासारख्या सक्तीने विमा असलेल्या नोकरदार आईला तेवढे महिने काही भरावं लागत नाही. परत यायचं तर पगार मर्यादेच्या खाली यायला हवा, आणि पंचावन्ननंतर दार जवळजवळ बंदच. तो आता आम्हाला चिडवत नाही.

तरी सरसकट वाईट म्हणणार नाही. दोघंही भरपूर कमावताय, मुलं नकोत किंवा झालेली मोठी आहेत, चार-पाच वर्षांत पुण्याला परत जायचं पक्कं आहे, तब्येत साफ आहे, तर जा खुशाल. फक्त तो हिशोब एकट्याचा मांडू नका, पाच वर्षांनी घरात किती ताटं असतील ते मोजून मांडा. बायकोने मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, पण नवऱ्याने एजंटला विचारलं. स्टार देत नाही, दुसऱ्याच्या पॉलिसीला कशाला.

पुढची सासूबाईंची. त्या ६८ च्या, २०२४ च्या डिसेंबरात आल्या, नातीला बघायला आणि बर्फ बघायला, हा क्रम त्यांनी सांगितलेला, प्रत्यक्षात उलटा होता. व्हिजिटर व्हिसाला निदान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो आम्ही इथूनच नव्वद दिवसांचा काढला. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही, आणि इथे परत तेच, जुनं दुखणं वगळलेलं, अचानक उद्भवलेलं तेवढं देणार. यावेळी मी सगळी पानं आधी वाचली. त्यामुळे तीन महिन्यांच्या गोळ्या पुण्याहूनच आणायला लावल्या, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी, त्यावर कंपनीचं ब्रँडनाव नको, मूळ औषधाचं नाव, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं. आपली ब्रँडनावं इथल्या मेडिकलवाल्याला काही सांगत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात बर्फावर घसरल्या, मनगट. मी मनातल्या मनात हप्ते मोजायला लागले. पण अपघात होता, नवीन होता, कंपनीने प्लास्टर, एक्स-रे, फेऱ्या, सगळं दिलं, एक कागदही जास्तीचा मागितला नाही. सासूबाई प्लास्टरवर नातीकडून रंगीत पेनाने गणपती काढून घेऊन परत गेल्या. साडेचार. त्यांच्या बीपीचं काही झालं असतं तर हा आकडा काय असता ते लिहीत नाही.

आणि एक पॉलिसी जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपण गणपतीला, दिवाळीला, भाचीच्या लग्नाला भारतात जातो तेव्हा इथली कासे तिथे चालत नाही. अजिबात नाही. कितीतरी मराठी घरं वर्षानुवर्षं तशीच जाऊन येतात, "आपल्याच देशात जातोय" म्हणून. वेगळी परदेश-प्रवास पॉलिसी मिळते, आमची तिघांची मिळून वर्षाला तीस युरोच्याही आत, वर्षभर कितीही वेळा जा, फक्त एका ट्रिपला बहुतेकांत सहा ते आठ आठवड्यांची मर्यादा. मे महिन्यात सांगलीत मुलीला जुलाब-उलट्या, दोन दिवस ॲडमिट, बिल १८ हजार रुपये. बिल हाताने लिहिलेलं, खाली गोल शिक्का. मला वाटलं जर्मन माणूस हे बघून बेशुद्ध पडेल. कंपनीने फक्त आजाराचं निदान इंग्रजीत लिहून मागितलं, डॉक्टरकाकांनी त्याच पॅडवर लिहून दुसरा शिक्का मारला, तीन आठवड्यांत युरो जमा. पाचपैकी पाच, शिक्क्यासकट.

दातांची जादा पॉलिसी मी घेतली आणि दोन वर्षांनी बंद केली. कासे कॅप-ब्रिजच्या ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्के देते, दरवर्षी तपासून वहीत शिक्के घेतले तर पाच वर्षांनी ७०, दहा वर्षांनी ७५. दात साफ करायचे शंभरेक युरो बहुतेक खिशातून जातात. आमच्या घरचा कायदा असा झालाय, दात पुण्यात, बाकी सगळं इथे. रूट कॅनालला टिळक रोडवर गेलं की मिसळ पण होते.

एक चूक अजून सलते. निघताना मी भारतातली माझी मेडिक्लेम बंद केली, कशाला फुकट भरा म्हणून. बाबा नको म्हणत होते. परत गेलो तर आता नव्याने घ्यावी लागणार आणि जुन्या आजारांना परत वेटिंग, २०२४ पासून ते जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलंय खरं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटीही गेलाय, पण तेव्हा माझं वय काय असेल आणि मूतखडा तर माझ्या कुंडलीतच आहे. चालू असलेली निदान छोटी करून चालू ठेवा.

हे सगळं लिहून काल रात्री आतेभावाला पाठवलं. दोन निळ्या टिका लगेच आल्या. सकाळी उठून बघते तर उत्तर आलेलं. "थँक्स ताई, खूप डिटेल आहे, निवांत वाचतो." आणि खाली नवीन स्क्रीनशॉट, दुसरी कंपनी, २९ युरो.